सतरावी खाच

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, स्वेटर विणायच्या दहा नंबरच्या एका सुईने आमच्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न मोडायला घेतलं होतं. सुई माझी होती. कृत्यही माझंच होतं. त्या जोडप्याची मुलं आता कॉलेजात जातात, त्यामुळे लग्न मोडायची भीती उरलेली नाही, म्हणून मी आज तोंड उघडते आहे.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची. नगरमधली आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, इतकी वाढली होती की रविवारी मागच्या बाकांवरच्या माणसांना पुढच्या बाकांवरच्या माणसांची नावं माहीत नसत. त्यात दुष्काळ. खेड्यांतली कुटुंबं शहराच्या कडेला येऊन राहिली होती, शहरातले काही खडी फोडायच्या कामावर गेले होते, कोण कुठे आहे याचा पत्ता नव्हता. आणि या सगळ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायला, प्रार्थना करायला एकच माणूस आणि त्याची एकच सायकल.

ते आमचे नवे पाळकसाहेब. सडपातळ, चष्मेवाले, आणि भयंकर प्रामाणिक. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ते पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्याला भेटायला भर उन्हात केडगावला सायकल मारत गेले. म्हातारा घरी नव्हता. तो कुबड्या टेकत चर्चच्या पायरीवर येऊन बसला होता, पाळक आपल्याकडे कधीच येत नाही अशी तक्रार करायला! आणि त्याच आठवड्यात कळलं की चर्चच्या मागच्याच गल्लीत एक विधवा बाई अकरा दिवस तापाने पडून होती आणि तिच्या दारात कोणी गेलं नव्हतं. ते कळल्यावर साहेब दोन दिवस जेवले नाहीत, असं पाळकीणबाईंनी मला सांगितलं.

मग आली ती पेटी. मायदेशी परतणाऱ्या एका मिशनरी डॉक्टरांनी जाता जाता ती साहेबांना दिली. आत जाड कागदाची कोरी कार्डं, आणि प्रत्येक कार्डाच्या वरच्या काठाला ओळीने वीस भोकं. एका कुटुंबाला एक कार्ड. पहिलं भोक आजारपणाचं, दुसरं म्हातारपणाचं, तिसरं विधवांचं, चौथं सलग तीन रविवार गैरहजर राहणाऱ्यांचं. पाचवं भोक घरात लग्न ठरत असलेल्यांचं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जे कुटुंबाला लागू, तिथे भोकापासून काठापर्यंत कापून खाच पाडायची. यासाठी बसच्या कंडक्टरकडे असतो तसा एक चिमटा होता, तो साहेब कोटाच्या खिशात ठेवत. सगळी कार्डं एकत्र धरायची, हव्या त्या भोकातून माझी ती स्वेटरची सुई आरपार घालायची आणि उचलायची. ज्यांना तिथे खाच, ती कार्डं खाली टेबलावर पडायची. बाकीची सुईला लटकत राहायची.

"बघा बाई," साहेब पहिल्यांदा सुई उचलून म्हणाले, "शहरातले सगळे आजारी एका झटक्यात टेबलावर!"

बाई म्हणजे मी. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, अक्षर बरं होतं, विणकाम येत होतं. एवढ्या पात्रतेवर कार्डं लिहायचं आणि दर सोमवारी शाळा सुटल्यावर सुई चालवायचं काम माझ्याकडे आलं. कोणत्या भोकाचा अर्थ काय, याचा कागद चर्चच्या ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. सोळा भोकांचे अर्थ त्यावर लिहिलेले. सतरा ते वीस कोरी.

सुरुवातीला फार छान चाललं. तापलेल्या माणसाला तापातच भेट मिळू लागली, बरं झाल्यावर नव्हे. पण आमच्या माणसांना एखाद्या गोष्टीचा फायदा दिसायच्या आधी तिच्यातला डाव दिसतो. पूर्वी पाळकाची सायकल दाराला टेकली की शेजारी म्हणायचे, भाग्यवान आहेत. आता म्हणायला लागले, "सुई लागली वाटतं!" कुठल्या भोकाला लागली, यावर गल्लीभर तर्क. साहेब एका घरात पंधरा मिनिटं बसले तर आजार, अर्धा तास बसले तर भांडण, आणि दार लावून बसले तर विचारूच नका. एका गृहस्थाने साहेबांना लांबून येताना पाहिलं आणि बायकोला दारात उभं केलं. "ते घरी नाहीत," ती म्हणाली. चपला उंबऱ्यात, विडीचा धूर खिडकीतून बाहेर.

अफवा तर काय वर्णाव्यात! कार्डं अमेरिकेला जातात. कार्डं कुटुंब नियोजनवाल्यांना दाखवतात. पाच खाचा झाल्या की प्रभूभोजनाला बसू देत नाहीत. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी तर मला उपासनेनंतर फाटकातच गाठलं.

"माझ्या कार्डाला किती खाचा गं?"

"सांगता येत नाही, बाई. गुप्त असतं."

"मी तुला जन्माच्या वेळी उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्यात, आणि तू माझ्यापासून गुप्त ठेवतेस?"

मी मान वळवली. त्या गुप्ततेचा मला केवढा अभिमान होता! अख्खं गाव संशयाने कुजबुजत होतं आणि मी एकटी राणीसारखी पेटीवर बसले होते. देवाला हे आवडलं नसावं.

कारण पुढच्याच सोमवारी कार्डं सारखी करताना आमचंच कार्ड हातात आलं. दुसऱ्या भोकाला खाच. बरोबर, सासूबाई पासष्टीच्या होत्या. पाचव्याला खाच. बरोबर, नणंदेचं राहुरीच्या स्थळाशी चाललं होतं. आणि सतराव्याला खाच. ती मी पाडलेली नव्हती.

मी कपाटाचं दार उघडून कागद पाहिला. सतरा, कोरं. साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी रविवारच्या उपदेशाची टिपणं काढत होते. विचारायला जीभ रेटेना. विचारायचं काय, आमच्या घरात काय खोट दिसली म्हणून?

आता यात काय पणाला लागलं होतं ते सांगते. आमच्याकडे लग्न ठरताना मुलीकडचा पाळक मुलाकडच्या पाळकाला पत्र पाठवतो, की घर चांगलं, मुलगी चांगली, मंडळीत यांचं नाव आहे. हे पत्र मुलीकडच्यांनी मागायचं नसतं. मागितलं की वाटतं, यांना स्वतःचीच खात्री नाही. पाळकाने आपण होऊन घरी यायचं, प्रार्थना करायची, चहा प्यायचा आणि जाऊन पत्र लिहायचं. ते पत्र गेल्याशिवाय राहुरीकडून होकार येणार नव्हता. नणंद तेविसाची झाली होती, त्याआधी दोन स्थळं फिरून गेली होती, आणि हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. तसं तिने बोलून दाखवलं नव्हतं, पण राहुरीची एस. टी. कुठल्या फलाटाला लागते हे तिला एकाएकी माहीत झालं होतं.

आणि ज्यांच्या हातून ते पत्र जायचं, त्यांनी आमच्या कार्डाला सतरावी खाच पाडली होती.

साहेब कोणाला तरी पोहोचवायला बाहेर गेले तेव्हा मी सतराव्या भोकात सुई घातली आणि उचलली. सात कार्डं पडली. मी ती एकेक करून पाहिली. पहिलं, एस. टी.तला एक कंडक्टर, जो पगाराच्या दिवशी पिऊन चौकात भाषण करत असे. दुसरं, त्या नर्सबाईंचं. त्यांच्या जिभेला सगळं हॉस्पिटल टरकून होतं. तिसरं, एका शिंप्याचं, ज्याचं कोणाशीच पटत नसे. चौथं, चर्चच्या, ठार बहिऱ्या झालेल्या एका म्हाताऱ्या पंचांचं. पाचवं, सावेडीकडे नव्याने राहायला गेलेल्या एका बाईचं, जिने सख्ख्या भावाच्या लग्नात वरात परत पाठवली होती. सहावं, ज्याने कापणीच्या सणात चर्चच्या आवारात आरडाओरडा केला होता त्या माणसाचं. सातवं, आमचं.

बहिरे पंच यात कसे आले ते मला कळेना. पण बाकीचे? दारूडा, तोंडाळ, भांडखोर, कजाग, दंगेखोर. आणि आम्ही!

घरी आले तर घरातली माणसंच मला निराळी दिसायला लागली. सासूबाई शेजारणीशी बोलताना आवाज चढवतात का? नवरा रात्री जेवून फेरफटका मारायला जातो तो नेमका कुठे जातो? नणंद खिडकीत उभी का राहते? एकदा संशयाचा चष्मा लावला की मीठ कमी पडल्याचासुद्धा काहीतरी अर्थ निघतो.

शनिवारी दुपारी साहेब एका अंत्यविधीला गेले होते. मी ऑफिसात एकटी. मी एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर माझ्या सुंदर अक्षरात आमच्या कुटुंबाची माहिती उतरवली, जुनं कार्ड पोलक्यात खुपसलं आणि घरी येऊन चुलीत घातलं. नव्या कार्डाला दुसरी आणि पाचवी खाच पाडायचा माझा विचार होता, देवाशपथ होता. पण चिमटा साहेबांच्या कोटात, आणि कोट स्मशानात. मग ते कार्ड तसंच राहिलं. एकही खाच नाही. पेटीत ते इतकं गोंडस, इतकं निष्पाप दिसत होतं की पुन्हा हात लावायचं माझ्या जिवावर आलं.

साहेबांचा आता स्वतःच्या स्मरणशक्तीवर अजिबात विश्वास राहिला नव्हता. "लक्षात ठेवायची कटकटच गेली, बाई," ते म्हणायचे, "सुई सांगेल तिथे मी जातो." दर सोमवारी मी पाचव्या भोकात सुई घालत होते. लग्नघरांची कार्डं टपाटप पडत होती. आमचं पडत नव्हतं, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. आणि मी मूर्खासारखी सुटकेचा श्वास सोडत होते. पडलं नाही, म्हणजे साहेबांच्या हाती लागलं नाही, म्हणजे चोरी लपली! मग साहेबांची सायकल आमच्या दारावरून घंटी वाजवत पुढे शेजाऱ्यांकडे गेली की मी छातीवर हात ठेवून म्हणायची, बघा, आपल्याला टाळतात. सतरा नंबर मनातून गेलेला नाही.

सासूबाई मूळच्या पाथर्डीकडच्या. त्या पडवीत बसून सायकल मोजायच्या.

"ह्यो आज बी गेला की गं फुडं."

"कामात असतील, आई."

"कसलं काम? त्या पलीकडच्यांच्या पोरीचं आपल्यामागनं ठरलं, तिच्यासाठी येऊन, च्या पिऊन, पत्र बी लिवून झालं. आपलाच च्या कडू हाय व्हय?" मग माझ्याकडे रोखून बघत, "तू रोज तिथं जाऊन बसतीस. तुला काय म्हाईत हाय, आन तू ते मला सांगत न्हाईस."

माझ्या हातातून वाटी पडली. तेव्हापासून त्या माझ्यावर लक्ष ठेवून होत्या आणि मी त्यांच्यावर.

राहुरीहून पहिलं पोस्टकार्ड आलं, त्यात क्षेमकुशल फार होतं. दुसऱ्यात कमी होतं. तिसऱ्यात नव्हतंच. 'पाळकांचे पत्र अद्याप पोहोचले नाही, काही अडचण असल्यास कळवावे. येत्या शनिवारी समक्ष येत आहे.' नणंदेने ते वाचलं, घडी घातली आणि धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले.

मुलाचे वडील राहुरीला शेतकी विद्यापीठात बियाण्यांच्या खात्यात होते. दाणा बोटांत धरून, उलटसुलट करून बघायचा, हा त्यांचा धंदा, आणि माणसंही ते तशीच बघत. शनिवारी दुपारी मी ऑफिसात कार्डं लिहीत होते, तर दारात ते. आणि त्यांच्या मागे पदर खोचलेल्या सासूबाई! ते आधी आमच्या घरी गेले होते, आणि ते चर्चकडे जायला निघाले तशा या निमंत्रण नसताना मागोमाग आल्या होत्या.

साहेबांनी उठून त्यांना सलाम केला, बसायला दिलं. पाहुण्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"पत्र का नाही आलं? तुमच्या मनात या घराविषयी काही असेल तर तोंडावर सांगा. माझा एकुलता मुलगा आहे."

साहेब गोंधळले. "यांच्याकडे लग्न ठरतंय? मग सुईने सांगायला हवं होतं." आणि मग त्यांचा चेहरा उजळला. आपली पेटी दाखवायची अशी संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. "थांबा, तुमच्या डोळ्यांदेखतच बघू. बाई, द्या सुई."

मी सुई दिली. जी सुई मी दात आवळून मोडली असती, ती दिली.

पाचवं भोक. सुई वर. चार कार्डं पडली, आमचं त्यांत नव्हतं. साहेबांनी पेटीतून आमचं कार्ड शोधून काढलं, एकटंच सुईत ओवलं आणि पहिल्या भोकापासून सुरुवात केली. पडेना. दुसरं, म्हातारपणाचं. पडेना.

"म्हंजे?" सासूबाई पुढे सरसावल्या. "मी म्हातारी न्हाई व्हय? का त्या सुईला मी दिसत न्हाई?"

तिसरं. चौथं. दहावं. पंधरावं. आमचं कार्ड सुईला लटकून मजेत डुलत होतं. साहेबांच्या कपाळावर घाम आला.

"या घरात कोणी म्हातारं नाही, आजारी नाही, लग्नाचं नाही, कोणी कधी उपासना चुकवलेली नाही," पाहुणे सावकाश म्हणाले. "साहेब, बियाण्याच्या पोत्यात एकसुद्धा किडका दाणा सापडला नाही, तर आम्ही ते पोतं घेत नाही. आम्ही ते पुन्हा ओततो. कोणीतरी निवडून ठेवलेलं असतं ते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांनी पाहिलं. सासूबाई तर महिनाभर पाहतच होत्या.

पाहुण्यांनी टोपी उचलली. आता ते उठणार, एस. टी. पकडणार, आणि नणंद पुन्हा धुतलेले कपडे धुणार, हे मला लख्ख दिसलं.

"मी बदललं कार्ड!" मी ओरडले. "जुनं जाळलं! त्याच्यावर सतरावी खाच होती. आमच्या घरात काय खोट आहे साहेब, ते आत्ता इथं सगळ्यांसमोर सांगा. त्या दारूड्याच्या आणि त्या भांडखोरांच्या रांगेत आम्हाला का बसवलंत?"

साहेब आधी पांढरे पडले, मग कानापर्यंत लाल झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती खाच तुमच्यासाठी नव्हती, बाई. ती माझ्यासाठी होती." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "उपासना संपली की मी दारात उभा राहतो. सगळे हात हातात घेतात आणि म्हणतात, उपदेश छान झाला. मी अकरा दिवस त्या तापलेल्या बाईकडे गेलो नव्हतो, त्या रविवारीसुद्धा छान झाला म्हणाले. खरं सांगणारी घरं मला मोजकी सापडली. तो कंडक्टर पिऊन सांगतो, पण खरं सांगतो. पंचांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्या मनातलं सगळ्या चर्चला ऐकू येतं. आणि तुमच्या सासूबाईंनी मला दारातच सांगितलं होतं, त्या विधवेच्या घरी आधी जा, मग उपदेशात प्रीतीवर बोल. आठवडा वाईट गेला की मी सतरा नंबर लावतो आणि त्यातल्या एकाकडे जाऊन बसतो, माझं काय चुकतंय ते विचारायला."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण सासूबाईंनी गंभीर चेहऱ्याने मान हलवून साहेबांच्या बोलण्याला दुजोरा दिला होता.

पुढचं आधीच सांगून टाकते. साहेबांनी तिथेच बसून पत्र लिहिलं, दोन पानी. पाहुण्यांनी ते खिशात घातलं. दोन्हीकडच्या चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची चिठ्ठी वाचली गेली, कोणी हरकत घेतली नाही, आणि नणंद राहुरीला सुखाने नांदते आहे. माझ्याकडचं पेटीचं काम त्याच दिवशी गेलं, आणि ते योग्यच झालं. हे सगळं आधी सांगायचं कारण असं की, पत्राची घडी होत होती तेव्हा त्या खोलीत जे बोललं गेलं, ते ऐकून हे लग्न झालं असेल यावर तुमचा विश्वास बसला नसता.

पाहुणे पहिल्यांदाच हसले होते. खिशावर हात ठेवून, जरा मिश्कीलपणे ते सासूबाईंना म्हणाले, "तर मग विहीणबाई, तुम्ही खरं बोलणाऱ्या. आता एकदा आमच्याविषयीही सांगून टाका. कसं वाटलं आमचं घराणं?"

मी मागून त्यांचा पदर ओढला. साहेबांनी डोळे मिटले, बहुधा प्रार्थनेसाठी. सासूबाईंनी माझ्या हातातून पदर सोडवून घेतला आणि स्पष्ट, ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

"पोरगं झ्याक हाय, त्यात वाद न्हाई. पन तुमी पोरगी बगायला आल्ता तवा जेवताना येकेक घास उजेडात धरून बगत हुता, ते मला अजाबात न्हाई आवडलं!"